न चाखलेलं सूप

शेजारणीशी मी नऊ हिवाळे खोटं बोललो. तोंडाने तसं थोडंच, बरंचसं पातेल्याने. ती सगळी वर्षं हे घराबाहेर कुणाला सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही नाही अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. इथे हॉलंडात झूटरमेरहून हेगला ऑफिसला जाताना ट्रॅममध्ये अशी समजूत घालायला वेळ भरपूर मिळतो.

शेजारीण म्हणजे आमच्या रांगेतल्या डावीकडच्या घरात एकटी राहणारी डच बाई. आता पंचाहत्तरीच्या पुढची. घरात आम्ही तिला काकू म्हणतो, हे तिला ठाऊक नाही. आमची मुलगी झाली तेव्हा बायकोला घरी आणून आठवडा झाला असेल, आणि काकू दारात उभी. हातात निळं एनॅमलचं झाकणाचं पातेलं, ते धरायला दोन जाड फडकी.

"बाळंतिणीसाठी," ती म्हणाली. "गाईच्या नळीचं मांस, हाडासकट. आणि गोर्ट. तीन तास शिजवलंय."

गोर्ट म्हणजे सोलून गुळगुळीत केलेले जव. जवाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण मी कोल्हापूरकडचा. आमच्या घरी मटण चालतं, नव्हे, मटणाशिवाय रविवार चालत नाही. मात्र तेच घर बेंदराला मातीच्या बैलजोडीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतं. मी काही फार देवभोळा नाही. पण ते मांस खायचं नाही एवढी एक गोष्ट कुणी न शिकवता अंगात बसलेली.

तेव्हा डच भाषेच्या क्लासला मी नियमित जात होतो. 'नाही, धन्यवाद, आम्ही हे खात नाही' हे वाक्य तिसऱ्याच धड्यात होतं आणि मला पाठ होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "लेक्कर! खूप लेक्कर!" म्हणजे चविष्ट. अजून झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

काकू गेली. बायको आतून म्हणाली, "काय आहे त्यात?"

"सूप."

"कसलं?"

मी सांगितलं. माझी बायको लायडनला एका प्रयोगशाळेत काम करते. वासराच्या रक्तातलं सीरम रोज पिपेटने मोजून पेशींना खाऊ घालते. पण प्रयोगशाळा वेगळी आणि स्वयंपाकघर वेगळं. "ओट्यावर ठेवू नकोस," ती म्हणाली, "आणि टाकूही नकोस. अन्न आहे."

आता ओट्यावर ठेवायचं नाही आणि टाकायचंही नाही, तर करायचं काय? टाकायचं म्हटलं तरी कुठे? ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा घराबाहेर, काकूच्या खिडकीसमोर. शेवटी सोमवारी स्टीलच्या उभ्या डब्यात भरून मी ते ऑफिसला नेलं. पँट्रीत ठेवून द्यावं, ज्याला हवं तो घेईल, एवढाच विचार होता. तिथे नेमके माझे साहेब उभे. साहेब म्हणजे माझे मॅनेजर. ऑफिसात सगळे त्यांना नावाने 'तू' म्हणतात, मीही म्हणतो, पण मनात साहेबच. उत्तरेकडच्या फ्रिसलंडचा उंच माणूस, नुकताच घटस्फोट झालेला, रोज दुपारी उभ्याउभ्या दोन थंड ब्रेड खाणारा. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि त्याचा चेहराच बदलला.

"घरचं?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "घरचं."

यात खोटं काय होतं? कुणाच्या तरी घरचं होतंच की. त्याने तिथेच उभ्याने डबा संपवला, ब्रेडने पुसून घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझी आजी असं करायची. तू हे कुठे शिकलास?" मी नुसता हसलो. माझ्या आयुष्यातली बरीच पापं मी नुसतं हसून केलेली आहेत.

इथपर्यंत ठीक होतं. एक पातेलं, एक दिवस, विषय संपला असता. पण पातेलं परत करायचं होतं. मी ते घासून, पुसून निघालो तर बायको बाळाला थोपटता थोपटता म्हणाली, "रिकामं नेतोस? वेडा आहेस का? रिकामं भांडं परत करतात का कधी?"

मग मी शिरा करून त्यात भरला. माझा पहिला शिरा; गुठळ्या होत्या. काकूने झाकण उघडून पाहिलं, भुवया वर गेल्या, "अरे!" म्हणाली. आणि दोन आठवड्यांनी ते निळं पातेलं पुन्हा आमच्या दारात. भरलेलं.

पुढचं सांगायला नकोच. ऑक्टोबर ते मार्च, दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी पातेलं इकडे यायचं, सोमवारी सूप साहेबांकडे जायचं, आणि पातेलं चिवडा, शंकरपाळ्या, बेसनाचे लाडू, दिवाळीत चकल्या घेऊन परत जायचं. दारात काकू विचारायची, "मागचं कसं होतं?" आणि मी साहेबांचा अभिप्राय जसाच्या तसा सांगायचो. "मागच्यापेक्षा मिरी जरा जास्त होती, पण छान." काकू खूश व्हायची. म्हणायची, "तुझी जीभ चांगली आहे." तिकडे साहेब म्हणायचे, "तुझा हात चांगला आहे." ना हात माझा, ना जीभ माझी, मी नुसता हमाल.

मधल्या एका हिवाळ्यात माझं कॉन्ट्रॅक्ट कायम झालं. इथे राहायच्या परवानगीचे कागद, घर, सगळं त्यावर लटकलेलं. सही करून साहेब म्हणाले, "सोमवार चालू ठेव हं," आणि हसले. त्या दिवसापासून मला शंका आहे की मला नोकरीत माझ्या कामाने ठेवलं की नळीच्या हाडाने.

मुलगी मोठी होत गेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये देते. आम्ही तिला शिकवलं होतं की खोटं कधी बोलायचं नाही, फक्त शेजारी सूपचा विषय काढायचा नाही. एकदा ती म्हणाली, "बाबा, पण मग ते खोटंच ना?" मी म्हणालो, "जेव."

गेल्या हिवाळ्यात, एका गुरुवारी, काकू सायकलवरून पडली. खाटकाकडून येत होती. वळणावर बर्फ होता. उजवा खांदा मोडला. शुक्रवारी संध्याकाळी मी भेटायला गेलो तर हात गळ्यात अडकवून खुर्चीत बसलेली, चेहरा पांढरा. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मांस वाचलं. फ्रीजमध्ये आहे."

"कसलं मांस?"

"तुमच्या सूपचं. रस्त्यावर पडलं, पण पिशवी फाटली नाही." मग डाव्या हाताने फ्रीजकडे बोट दाखवलं. "या वेळी तू कर. वाया नाही घालवायचं. नऊ वर्षं खातोयस, कसं लागायला हवं ते तुझ्याएवढं कुणाला माहीत? आणि मलाही दे. दवाखान्याचं खाऊन तोंडाला चव नाही."

जे सूप मी कधी चाखलं नव्हतं, ज्याच्यासाठी ही बाई बर्फात सायकल चालवत गेली होती, ते आता मी करायचं होतं. मी म्हणालो, "नक्की!"

"इथेच कर, माझ्या स्वयंपाकघरात. मी सांगते."

"नको नको, तुम्ही विश्रांती घ्या. मी घरी करतो." तिच्यासमोर केलं तर ती दर दहा मिनिटांनी चाखायला लावणार, हे मी ओळखलं होतं. तिने कृती सांगितली: मांस, पाणी, गाजर, लीक म्हणजे इथली जाड कांद्याची पात, सेलरीचा गड्डा, तमालपत्र, जायपत्री, गोर्ट. प्रमाण विचारलं तर म्हणाली, "अंदाजाने. झालं की तुला कळेलच."

चव माहीत असलेला एकच माणूस मला उपलब्ध होता. मी बाहेर फुटपाथवर उभं राहून साहेबांना फोन लावला.

"सूपबद्दल विचारायचं होतं. तुला ते नक्की कसं लागतं?"

"म्हणजे? तू करतोस ना?"

"हो, पण खाणाऱ्याचं मत घ्यावं म्हटलं. फीडबॅक."

माणूस मॅनेजर. फीडबॅक म्हटल्यावर खुलला. म्हणाला, ताकद आहे पण जडपणा नाही. गाजर ओळखू येतं पण पुढे पुढे करत नाही. जवाने साथ द्यायची, ताबा घ्यायचा नाही. मी सगळं लिहून घेतलं. वाचून पाहिलं तर ते माझ्याच वार्षिक मूल्यमापनासारखं वाटत होतं.

शनिवारी सकाळी बायकोने अटी घातल्या. घरात नाही, मागच्या अंगणातल्या सायकलींच्या शेडमध्ये, जुन्या इंडक्शनच्या शेगडीवर. आपलं एकही भांडं नाही, पळीसुद्धा नाही. भांड्याचा प्रश्नच नव्हता. निळं पातेलं आमच्याकडेच होतं, पळी काकूची मागून आणली. शेडमध्ये तीन सायकली, एक हवेचा पंप, आणि त्यांच्यामध्ये मी, उलट्या बादलीवर बसलेला. बाहेर भुरभुर पाऊस. बायको दाराशी छत्री घेऊन, दोन हात अंतरावर.

हाड उकळायला लागल्यावर मला वाटलं, आपण कोल्हापूरचे, पांढऱ्या रश्श्याच्या गावचे, हाडाचं पाणी आपल्याला नवं आहे होय? वर आलेला फेस मी सराईतपणे काढला. हात आपोआप म्हणाला, आता आलं-लसूण.

"खबरदार," छत्रीतून आवाज आला. "तिचं सूप आहे ते. कांदा-लसूण मसाला काढलास तर बघ."

मग मीठ. मी पळीभर रस्सा काढला, त्याच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "आता चाखल्याशिवाय कसं कळणार?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी अंकलिपी विचारतोय. "गणपतीत एकवीस मोदक आणि पन्नास माणसांची आमटी मी चाखून करते का?"

"नाही."

"का नाही?"

"नैवेद्य उष्टा होतो."

"मग? तसंच करायचं. पाणी किती घातलंस? तीन लिटर? त्याला सपाट तीन चमचे मीठ, छोटे. अर्धा तास थांब. मग वास घे."

तर असं हे गोमांसाचं सूप आम्ही नैवेद्याच्या शिस्तीत केलं. तिने आंघोळ करून यायला सांगितलं नाही एवढंच. अर्ध्या तासाने मी झाकण उघडलं. तिने छत्री मागे केली, पदराऐवजी जॅकेटची बाही नाकाशी धरली, मग ती काढून दुरूनच एक श्वास घेतला. "अळणी आहे. अर्धा चमचा अजून."

"वासावरून?"

"माझी आई बाहेरच्या खोलीतून सांगायची."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. चूक माझी, गोर्टात झाली. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा नव्हता. मी खिचडीच्या हिशेबाने विचार केला आणि अख्खं पाकीट ओतलं. वीस मिनिटांत पातेल्यातला रस्सा दिसेनासा झाला. मी पाणी घातलं. जवाने ते पिऊन टाकलं. पुन्हा घातलं, पुन्हा प्यायलं. सूप वर चढत चढत काठाला आलं आणि झाकण हळूच एका बाजूने उचललं गेलं, आतून कुणी डोकावावं तसं.

"बादली दे!" मी ओरडलो.

"बादलीवर तू बसलायस!"

मी उठलो. घासूनपुसून ठेवलेली ती बादली, अर्धं सूप तिच्यात. मग पाणी वाढलं म्हणून मीठ बदललं, म्हणून पुन्हा वास, पुन्हा अर्धा चमचा. चमचा मध्ये उभा केला तर उभाच राहत होता. साहेबांचं वाक्य आठवलं. जवाने फक्त ताबाच घेतला नव्हता, नागरिकत्व घेतलं होतं.

बादलीतलं सोमवारच्या डब्यासाठी ठेवलं, आणि रविवारी दुपारी मी पातेलं घेऊन गेलो. दारातून द्यायचं, तब्येत विचारायची आणि निघायचं, असं ठरवलं होतं. काकूने आत बोलावलं. टेबलावर दोन खोलगट बश्या, दोन चमचे, दोन पेपर नॅपकिन. एका हाताने कसं मांडलं असेल, कुणास ठाऊक.

"मी जेवून आलोय," मी म्हणालो.

"थोडंसं. ज्याने केलं त्याने बरोबर बसून खायचं."

तिने डाव्या हाताने आधी माझ्या बशीत वाढलं. एक थेंब टेबलक्लॉथवर पडला, तो पुसला. मग स्वतःला घेतलं आणि माझ्याकडे पाहत थांबली, मी सुरू करायची वाट बघत. मी चमचा भरला. तो तोंडापर्यंत नेला असता, गिळला असता, लेक्कर म्हणालो असतो, तर आणखी नऊ वर्षं निघाली असती. पण तो मोडका खांदा समोर होता. मी चमचा परत ठेवला.

"मी हे खात नाही."

"आज?"

"कधीच नाही."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही. आमच्याकडे गाय खात नाहीत."

"कधीपासून?"

"बऱ्याच पिढ्यांपासून."

तिने चमचा खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं: डबा, सोमवार, साहेब, मिरी जास्त होती ते कुणाचं मत होतं. ती मध्ये एकदाच बोलली, "त्या माणसाला आवडायचं?" मी म्हणालो, "खूप." आणि मग तिचा आवाज चढला.

"मी एकदाच देणार होते! बाळ झालं म्हणून. एकदा! तुम्ही पातेलं भरून परत पाठवलंत. मला वाटलं, यांना अजून हवंय, सांगायला लाजतायत. मग मी पुन्हा केलं. पुन्हा भरून आलं! रिकामं का नाही दिलंत?"

"रिकामं देणं बरं दिसत नाही."

"कुणाला?"

मी नॅपकिनने टेबलक्लॉथवरचा तो डाग पुन्हा पुसला.

"सेलरीचा गड्डा सोलायला मला अर्धा तास लागतो," ती म्हणाली. "मनगट दुखतं. नऊ वर्षं. एक शब्द होता रे. नाही! आमची पोरं दोन वर्षांची व्हायच्या आत शिकतात तो."

"आमचीही शिकतात," मी म्हणालो. "मग आम्ही तो विसरायला लावतो."

ती हसली नाही. "आणि गुरुवारी मी..." एवढंच म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडून चमचा उचलला. एक घास घेतला. "मीठ बरोबर आहे. गोर्ट फार झालाय. आता तू घरी जा, माझं गार होतंय."

तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. इथे पडदे ओढत नाहीत, त्यामुळे मी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना ती खिडकीत दिसायची, आणि मी दिसायचो. ती पेपर वर धरायची. मी तिचेही डबे काढायचो. आभार नाहीत. बायको मात्र रोज जाऊन तिला कोट चढवून यायची, आणि छान तासभर गप्पा मारून यायची.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"तुझं नावच काढत नाही."

"अगं, पण तूही यात होतीस!"

"मी बाळंतीण होते," ती म्हणाली, नऊ वर्षांच्या मुलीची वेणी घालत.

चौथ्या आठवड्यात बेल वाजली. काकू. हात गळ्यातून सुटलेला, पण खांदा अजून आखडलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तो माणूस," ती म्हणाली. "जो खायचा. त्याला रविवारी आण."

म्हणजे कबुली अजून अर्धीच झाली होती. मी साहेबांचा अर्धा तास मागून घेतला, मीटिंग रूम बुक केली. त्याला वाटलं मी राजीनामा देतोय. पाण्याचे दोन ग्लास भरून बसला होता. मी सांगितलं. त्याने एक ग्लास पिऊन संपवला.

"म्हणजे तू कधीच केलं नाहीस?"

"एकदा. गेल्या महिन्यातलं सोमवारचं."

"हं," तो म्हणाला. "मला वाटलंच. जव फार होते."

"आणि माझं कॉन्ट्रॅक्ट..."

"त्याचा सूपशी काय संबंध? तुझं काम चांगलं होतं." मग थोडा विचार करून, "ठीक होतं. ती बाई राहते कुठे?"

रविवारी दोघांची भेट झाली. साहेब बाह्या सरसावून सेलरीचा गड्डा सोलत होते, काकू खुर्चीतून हुकूम सोडत होती. जाड साल काढ. अजून जाड. तुझी आजी कुठली? जायपत्री घालायची का ती? नाही? मग कसली आजी! पाच मिनिटांत त्यांची ओळख झाली, दहा मिनिटांत भांडण सुरू झालं, आणि मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. इतकी वर्षं या दोन माणसांच्या मधोमध उभा होतो. आता दोघांना मधलं कुणी नको होतं. बरंही वाटलं आणि थोडं लागलंही, खोटं कशाला बोलू.

दोघे जेवायला बसले. साहेबांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. काकू त्यांच्याकडे बघत राहिली. नऊ वर्षं तिने दारात उभं राहून माझा चेहरा वाचायचा प्रयत्न केला असेल. जे तिला बघायचं होतं, ते मी तिला कधी दाखवूच शकलो नव्हतो. तिने नाक ओढलं, मग एकदम माझ्याकडे वळली.

"आणि तू? भूक लागलीय?"

जिभेवर आलंच होतं: नको नको, आत्ताच जेवून आलो. मी ते गिळलं.

"हो," मी म्हणालो. "खूप लागलीय. सकाळपासून काही खाल्लं नाही."

ती उठली. ब्रेडच्या चार जाड चकत्या, लोणी, आणि फ्रीजमधून चीजचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. जिरं घातलेलं चीज. मी भारतीय म्हणून या देशात मला जो तो कौतुकाने हेच देतो. मी चाकू हातात घेतला. काकू कमरेवर डावा हात ठेवून समोर उभी.

"हे आवडतं तुला?"

साहेबांचा चमचा थांबला.

"नाही," मी म्हणालो. कान गरम झाले. "अजिबात नाही."

"बरं," ती म्हणाली, तो तुकडा उचलून आत ठेवला आणि साधं, जुनं चीज बाहेर काढून पातळ पातळ कापायला लागली. मी चारही चकत्या खाल्ल्या. मग अजून दोन मागितल्या.